मूर्ती लहान 'पण'... : बॉक्सिंगमधल्या कमी वजनी गटांचा इतिहास



आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसानं बॉक्सिंगवर काय बोलायचं? तर, बॉक्सिंगच्या निमित्तानं आपल्याला एका जुन्याच प्रश्नाकडे जायचं आहे. 'सर्वांत श्रेष्ठ' असं आपण कुणाला म्हणतो, आणि तसं म्हणताना नेमकं काय मोजत असतो?

आधी एक साधी गोष्ट करून बघू. तीन बॉक्सर आठवा. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोहम्मद अली आला असेल, माइक टायसन आला असेल, जुन्या मंडळींना जो फ्रेझर किंवा जॉर्ज फोरमन आठवला असेल. हे सगळे हेवीवेट, म्हणजे सर्वांत वरच्या वजनाचे. आता पंचावन्न किलोच्या आतला एक बॉक्सर आठवा. आपण भारतात आहोत, त्यामुळे मेरी कोम हे नाव लगेच येतं. पण त्यानंतर? बराच वेळ शांतता. वास्तविक जपान, थायलंड, फिलिपिन्स या देशांचे बहुतेक व्यावसायिक जगज्जेते याच खालच्या गटांतून आलेले आहेत. त्यांची नावं आपल्यापर्यंत का पोचली नाहीत, हा आजचा विषय.

आपल्याकडे म्हण आहे, 'मूर्ती लहान पण कीर्ती महान'. कौतुकाची म्हण आहे. पण त्यातला 'पण' बघा. कीर्ती महान असायला मूर्तीही मोठी हवी, हे त्या 'पण'नं गृहीत धरलेलं आहे. लहान मूर्तीची मोठी कीर्ती हा जणू अपवाद, म्हणून तो मुद्दाम सांगावा लागतो. बॉक्सिंगमधल्या कमी वजनी गटांचा इतिहास हा या 'पण'चा इतिहास आहे, असं आपल्याला म्हणता येईल.

मुळात वजनी गट आले कुठून, ते पाहू. प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिंपिकला मुष्टियुद्ध होतं, कुस्ती होती, पण वजनाचे गट नव्हते. जो येईल त्याच्याशी लढायचं. गंमत अशी की, याच ग्रीसमधल्या ॲरिस्टॉटलनं प्रमाणाचा विचार समजावताना उदाहरण घेतलं ते एका पैलवानाचं. त्याच्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात मायलो नावाच्या प्रसिद्ध मल्लाचा उल्लेख येतो. दहा मापं अन्न फार होतं आणि दोन मापं कमी पडतं, म्हणून उस्ताद सगळ्यांना सरसकट सहा मापं देत नाही. मायलोला सहा कमी पडतील आणि नवशिक्याला जास्त होतील. योग्य काय, हे त्या त्या माणसाच्या संदर्भात ठरतं. विचार अगदी स्वच्छ आहे. तो ताटापर्यंत पोचला, आखाड्यापर्यंत मात्र पोचला नाही.

आपल्या परंपरेत काय दिसतं? भागवतात जरासंधाची कथा आहे. द्वंद्वासाठी समोर कृष्ण, अर्जुन आणि भीम उभे. जरासंध अर्जुनाला नाकारतो, कारण तो वयानं आणि बळानं आपल्या बरोबरीचा नाही. भीम मात्र तुल्यबळ आहे, म्हणून त्याच्याशी लढायला तो तयार होतो. जरासंधासारखा खलनायकसुद्धा इथे जोड पाहतो! आणि आपल्या गावोगावच्या जत्रांत काय होतं? पंच मंडळी पोरांना शेजारी शेजारी उभं करतात, अंगकाठी बघतात, खांद्यावर हात ठेवून अंदाज घेतात आणि जोड लावतात. तोलामोलाची कुस्ती हा शब्द तिथूनच आपल्या बोलण्यात आलाय. वजनकाटा नव्हता तेव्हाही वजनी गट होता, फक्त तो पंचांच्या नजरेत होता. पण त्या जत्रेतला क्रमही आठवा. नारळावरच्या कुस्त्या आधी, लहान पोरांच्या. मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी, मोठ्या पैलवानांची. न्याय सगळ्यांना, मान मात्र चढत्या वजनानं. हे दोन धागे वेगळे आहेत, ते लक्षात ठेवा. पुढे ते वारंवार लागणार आहेत.

आधुनिक बॉक्सिंग इंग्लंडमध्ये घडलं. १७४३ मध्ये जॅक ब्रॉटननं पहिले लिखित नियम केले, त्यात वजनाचा शब्द नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी डॅनियल मेंडोझा नावाचा लंडनचा ज्यू मुष्टियोद्धा इंग्लंडचा विजेता झाला. त्याचं वजन साधारण १६० पौंड, म्हणजे बहात्तर-त्र्याहत्तर किलो. आजच्या हिशेबानं तो मिडलवेट. त्यानं आपल्यापेक्षा मोठ्या माणसांना हरवलं ते पायांच्या हालचालीवर आणि बचावाच्या शास्त्रावर. १७९५ मध्ये त्याच्याहून वजनदार जॉन जॅक्सननं त्याला हरवलं. जॅक्सननं एका हातानं मेंडोझाचे लांब केस धरले आणि दुसऱ्या हातानं ठोसे मारले! तेव्हाच्या नियमांत ते बसत होतं. गट नसले की हुशारीला एक मर्यादा येते, हे यातून दिसतं.

१८६७ मध्ये मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरीच्या नावानं ओळखले जाणारे नियम आले. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, हे सगळं त्यातलं. त्याच वेळी हौशी स्पर्धांसाठी लाइट, मिडल आणि हेवी अशा तीन गटांना करंडक ठेवले गेले. पुढे १९०९ मध्ये लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबनं आठ गट पक्के केले. सर्वांत खालचा फ्लायवेट, आठ स्टोन म्हणजे ११२ पौंड, किलोत पन्नास-एक्कावन्न. त्यावर बँटम, फेदर, लाइट, वेल्टर, मिडल, लाइट हेवी आणि हेवी. नावं बघा. फ्लाय म्हणजे माशी, बँटम म्हणजे छोट्या चणीचा कोंबडा, फेदर म्हणजे पीस. वर गेलं की नावातली थट्टा संपते आणि उरतं नुसतं वजन. म्हणीतला 'पण' इथे नामकरणातच बसला.

आता कुणी विचारेल, खालच्या गटांत तीन-तीन पौंडांचं अंतर कशाला? आज व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये १०५, १०८, ११२, ११५, ११८ असे गट आहेत. वर मात्र १७५ नंतर एकदम २००. हा लाड वाटतो ना? टक्केवारी काढून बघू. १०५ ते १०८ हे अंतर जेमतेम तीन टक्के. १७५ ते २०० हे चौदा टक्के. आता चौदा टक्क्यांचं अंतर खाली लावलं, तर १०५ पौंडांच्या माणसाला जवळजवळ १२० पौंडांच्या माणसासमोर उभं राहावं लागेल, तेही दोघांच्या अंगावर चरबी नावालाही नसताना. सत्तेचाळीस किलोच्या माणसाचा दीड किलो आणि शंभर किलोच्या माणसाचा दीड किलो हे सारखे नाहीत. मायलोच्या ताटाचाच हा हिशेब आहे.

यात आणखी एक मौज आहे. गॅलिलिओनं १६३८ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं की आकार वाढला की वजन घनाच्या प्रमाणात वाढतं, आणि हाडाची, स्नायूची ताकद मात्र त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे लहान शरीर स्वतःच्या वजनाच्या मानानं जास्त बळकट असतं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या नईम सुलेमानोग्लूनं साठ किलोच्या गटात १९० किलो वजन डोक्यावर नेलं. स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त! दीडशे किलोच्या वेटलिफ्टरला हे प्रमाण गाठता येत नाही. बॉक्सिंगमध्ये हीच गोष्ट वेगाच्या आणि दमाच्या रूपात दिसते. खालच्या गटात बारा फेऱ्या हात थांबत नाहीत. शेवटच्या फेरीतला वेग पहिल्या फेरीसारखाच असतो. हेवीवेटमध्ये एक ठोसा सगळं संपवू शकतो, म्हणून प्रेक्षक श्वास रोखून त्या एका ठोशाची वाट बघतो. फ्लायवेटमध्ये सामना बुद्धिबळासारखा रचला जातो, चाल करून, अंतर मोजून, कोन बदलून. दोन्हींत रस आहे, पण तो वेगवेगळ्या जातीचा. एकाच्या मापानं दुसऱ्याला मोजलं की घोटाळा होतो.

इथपर्यंत न्यायाचा धागा झाला. आता मानाच्या धाग्याकडे येऊ, आणि त्यासाठी १८९२ च्या न्यू ऑर्लिन्सला जाऊ.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तिथल्या ऑलिंपिक क्लबनं सलग तीन रात्री तीन मोठे सामने ठेवले. ५ तारखेला लाइटवेट, ६ तारखेला फेदरवेट, ७ तारखेला हेवीवेट. पुन्हा तोच जत्रेतला क्रम. ७ तारखेला जेम्स कॉर्बेटनं जॉन सुलिव्हनला एकविसाव्या फेरीत हरवलं आणि ती रात्र बॉक्सिंगच्या प्रत्येक पुस्तकात गेली. आपल्याला बघायची आहे आदल्या दिवशीची रात्र.

६ तारखेला रिंगमध्ये होता जॉर्ज डिक्सन. कॅनडातल्या हॅलिफॅक्सजवळच्या आफ्रिकव्हिल या वस्तीत जन्मलेला कृष्णवर्णीय तरुण, उंची सव्वापाच फुटांच्या आसपास, वजन ११८ पौंडांच्या आत. १८९० मध्ये त्यानं लंडनला बँटमवेटच्या जगज्जेतेपदावर हक्क सांगितला होता. कुठल्याही खेळातला पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता म्हणून इतिहासकार सहसा त्याचंच नाव घेतात. समोर होता जॅक स्केली, गोरा. आणि शहर कोणतं? त्याच वर्षीच्या जूनमध्ये याच न्यू ऑर्लिन्समध्ये होमर प्लेसी नावाच्या माणसाला रेल्वेच्या गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून अटक झाली होती. त्या खटल्यातूनच पुढे १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं वर्णभेदाला कायद्याची मान्यता दिली. अशा शहरात डिक्सननं अट घातली की कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी जागा राखून ठेवल्या पाहिजेत. क्लबनं ती मानली. आठव्या फेरीत स्केली कोसळला. शहरातला गोरा समाज इतका अस्वस्थ झाला की क्लबनं त्यानंतर मिश्रवर्णीय सामनेच बंद केले.

आता तिसऱ्या रात्रीचा सुलिव्हन बघा. हा हेवीवेट विजेता कृष्णवर्णीयांशी लढायचंच नाही, असं उघड म्हणत असे. हेवीवेटचा किताब म्हणजे 'जगातला सर्वांत बलवान पुरुष' हे बिरुद. ते गोऱ्या माणसाकडेच राहिलं पाहिजे, यावर त्या काळी जवळजवळ एकमत होतं. फेदरवेटच्या किताबावर एवढा पहारा नव्हता. तिथे जगाची मान वळत नव्हती, म्हणून दार किलकिलं राहिलं. डिक्सननंतर १९०१ मध्ये वेल्टरवेटला बार्बाडोसचा जो वॉल्कॉट, १९०२ मध्ये लाइटवेटला जो गॅन्स. आणि हेवीवेटला? जॅक जॉन्सन, १९०८ च्या डिसेंबरमध्ये, तेही अमेरिकेत नव्हे तर सिडनीला जाऊन. १९१५ मध्ये जॉन्सन हरल्यावर ते दार पुन्हा बंद झालं, आणि पुढचा कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता जो लुई यायला १९३७ उजाडलं. ज्या १९०८ मध्ये जॉन्सन जिंकला, त्याच वर्षीच्या जानेवारीत जॉर्ज डिक्सन न्यूयॉर्कमध्ये गरिबीत वारला. वय सदतीस. अठरा वर्षं आधी त्यानं जे केलं, त्याची इतिहासातली जागा जॉन्सनच्या सावलीत गेली.

लहान गटांकडे दुर्लक्ष होतं, म्हणून तिथे न्याय आधी पोचला. आणि दुर्लक्ष होतं, म्हणूनच त्या न्यायाची नोंद उशिरा झाली. एकाच कारणाचे हे दोन परिणाम आहेत. आम्ही तत्त्वज्ञानाचे लोक अशा ठिकाणी थबकतो. मान्यता मिळणं आणि मोकळीक मिळणं या एकत्र येणाऱ्या गोष्टी आहेत असं आपण समजतो. इथे त्या एकमेकींच्या आड आलेल्या दिसतात.

यानंतर कमी वजनी गटांचा नकाशा सरकत गेला. पहिला थांबा वेल्सच्या कोळशाच्या खाणी. जिमी वाइल्ड हा र्‍होंडा खोऱ्यातल्या टायलर्सटाउनचा खाणकामगार. अंगानं इतका बारका की मोठी माणसं जिथे शिरू शकत नाहीत अशा अरुंद फटींत त्याला पाठवत. खाणीत जे बारकेपण उपयोगाचं ठरलं, तेच घेऊन तो जत्रांमधल्या बॉक्सिंगच्या तंबूंत उभा राहिला आणि आपल्याहून कितीतरी जड माणसांना त्यानं पाडलं. ११२ पौंडांची मर्यादा असताना त्याचं वजन क्वचितच १०८ च्या वर जायचं. १९१६ च्या डिसेंबरमध्ये तो फ्लायवेटचा जगज्जेता झाला.

दुसरा थांबा मनिला. १८ जून १९२३, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. फिलिपिन्सचा फ्रान्सिस्को गुइलेदो, रिंगमधलं नाव पांचो व्हिला, यानं सातव्या फेरीत वाइल्डला हरवलं आणि तो आशियाचा पहिला जगज्जेता झाला. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं. गुलाम देशाचा एक पाच फुटी तरुण राज्यकर्त्यांच्या शहरात जाऊन किताब घेऊन आला. १९२५ मध्ये, दाताच्या विषबाधेकडे दुर्लक्ष झाल्यानं तो तेविसाव्या वर्षीच गेला. पण पुढे मॅनी पॅकियावपर्यंत जी परंपरा चालत आली, तिचा मूळपुरुष हाच. पॅकियावही १९९५ मध्ये १०६ पौंडांच्या आसपास लढायला लागला होता आणि त्याचा पहिला जागतिक किताब, १९९८ चा, फ्लायवेटचाच होता.

तिसरा थांबा टोकियो. २८ एप्रिल १९५२ ला जपानवरचा अमेरिकेचा लष्करी अंमल संपला. तीन आठवड्यांत, १९ मे रोजी, टोकियोच्या कोराकुएन स्टेडियममध्ये योशिओ शिराई यानं हवाईच्या डॅडो मरिनोला हरवून फ्लायवेटचा किताब घेतला. जपानचा पहिला जगज्जेता. त्याला घडवणारा होता ॲल्विन कान, अमेरिकन अंमलाच्या कामासाठी जपानला आलेला जीवशास्त्रज्ञ. उपासमारीच्या त्या काळात त्यानं शिराईला खाऊपिऊ घातलं, शिकवलं. जेता आणि जित यांची ही जोडी विलक्षणच. १९५४ मध्ये अर्जेंटिनाच्या पास्कुआल पेरेझनं शिराईला हरवलं, तो त्याच्या देशाचा पहिला जगज्जेता. १९६० मध्ये थायलंडच्या पोन किंगपेचनं पेरेझला हरवलं, तोही आपल्या देशाचा पहिलाच. १९६२ मध्ये जपानच्या फायटिंग हराडानं तो किताब परत टोकियोला नेला. ११२ पौंडांच्या त्या एका पट्ट्यानं आठ वर्षांत दोन खंड पाहिले आणि दोन नव्या देशांना त्यांचा पहिला जगज्जेता दिला.

याच १९५२ मध्ये आपल्या घरातही एक गोष्ट घडली. खेळ कुस्तीचा, पण मुद्दा तोच. जुलैमध्ये हेलसिंकीला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटाचं सुवर्ण घेतलं जपानच्या शोहाची इशीनं, आणि त्या ऑलिंपिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण. युद्धानंतर उभे राहणारे देश या छोट्या गटांतून जगाच्या दारात पाऊल टाकत होते. खाशाबांचं पुढे काय झालं, आपल्याला ठाऊक आहे. १९८४ मध्ये ते गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो निधनानंतर कित्येक वर्षांनी. ज्या महाराष्ट्रात पैलवान म्हटलं की डोळ्यांसमोर सव्वाशे किलोचा गडी येतो, तिथे सत्तावन्न किलोच्या ऑलिंपिकवीराला वाट पाहावी लागली. याला एकच कारण होतं असं नव्हे, पण ते 'पण' त्यात नक्कीच होतं.

आता मान मोजण्याची दुसरी रीत बघू. अमेरिकन क्रीडालेखकांनी एक शब्दप्रयोग रूढ केला, 'पाउंड फॉर पाउंड'. म्हणजे सगळ्यांचं वजन सारखं आहे असं समजलं, तर सर्वांत श्रेष्ठ कोण? शुगर रे रॉबिन्सन या वेल्टर-मिडलवेट बॉक्सरच्या नावाशी तो कायमचा जोडला गेला. विचार म्हणून हा मोठा आहे. गुणाला वजनापासून सोडवण्याचा हा प्रयत्न. पण कितीतरी वर्षं ही यादीसुद्धा मधल्या गटांपाशीच घुटमळली. मेक्सिकोचा रिकार्डो लोपेझ १९९० मध्ये १०५ पौंडांचा जगज्जेता झाला, आणि कारकीर्द संपेपर्यंत हरलाच नाही. ५१ विजय, १ बरोबरी. तंत्र इतकं शुद्ध की आजही प्रशिक्षक त्याच्या चित्रफिती दाखवतात. तरी मोठ्या अमेरिकन कार्यक्रमांत तो मुख्य सामन्याआधी लढायचा, प्रेक्षक अजून आपल्या खुर्च्या शोधत असताना.

बदल हळूहळू झाला. १३ मार्च १९९३ ला लास व्हेगासमध्ये १०८ पौंडांच्या गटात मायकेल कार्बाहाल आणि उंबर्तो गोन्झालेझ लढले. कार्बाहाल दोनदा खाली पडला, उठला आणि सातव्या फेरीत त्यानं गोन्झालेझला पाडलं. 'द रिंग' मासिकानं तो वर्षातला सर्वोत्तम सामना ठरवला, आणि याच दोघांच्या चुरशीतून त्या गटात दहा लाख डॉलरची बिदागी पहिल्यांदा पोचली. २०१५ मध्ये त्याच मासिकाच्या 'पाउंड फॉर पाउंड' यादीत पहिला आला निकाराग्वाचा रोमान गोन्झालेझ, फ्लायवेट. २०२२ मध्ये पहिला आला जपानचा नाओया इनोउए, बँटमवेट.

आणि ६ मे २०२४. टोकियो डोम. हे मैदान शिराईच्या त्या जुन्या कोराकुएन स्टेडियमच्याच आवारात, त्याच्या जागी उभं राहिलेलं. १९९० मध्ये इथे टायसन बस्टर डग्लसकडून हरला होता. त्यानंतर चौतीस वर्षं तिथे बॉक्सिंग झालं नव्हतं. ते पुन्हा झालं १२२ पौंडांच्या, म्हणजे पंचावन्न किलोच्या इनोउएसाठी. सुमारे ४३,००० प्रेक्षक. पहिल्याच फेरीत लुइस नेरीनं त्याला खाली पाडलं, कारकिर्दीत पहिल्यांदाच. सहाव्या फेरीत इनोउएनं सामना संपवला. जत्रेतली शेवटची कुस्ती त्या रात्री पंचावन्न किलोच्या माणसाची होती.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण पुरी होणार नाही. दोन आक्षेप ऐकले पाहिजेत.

पहिला आक्षेप, गट फार झाले. १९०९ चे आठ आज सतरा झालेत, आणि चार संघटनांचे चार-चार पट्टे. 'जगज्जेता' शब्दाचं मोल कमी झालं. हे खरं आहे. पण त्याचा मोठा दोष संघटनांच्या संख्येकडे जातो. एका गटात चार जगज्जेते असणं ही हेवीवेटचीही अडचण आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. लहान बॉक्सरच्या ठोशात दम नसतो, हा समज. तो धोकादायक आहे. १९८० मध्ये वेल्सचा बँटमवेट जॉनी ओवेन लॉस एंजेलिसला ग्वादालुपे पिंटोरशी लढला. बाराव्या फेरीत तो कोसळला, पुन्हा शुद्धीवर आला नाही आणि काही आठवड्यांनी गेला. वय चोवीस. पुढे २००२ मध्ये मर्थरमध्ये त्याचा पुतळा उभारला, तेव्हा त्याच्या वडिलांनी अनावरणासाठी बोलावलं ते पिंटोरला. त्या बापाच्या मनाचा मोठेपणा आपण काय वर्णावा! पण त्याबरोबर हेही ध्यानात घ्या, की वजन उतरवण्यासाठी पाणी तोडणं, शरीर सुकवणं ही या गटांची मोठी जोखीम आहे. जास्त गट ठेवले की बॉक्सरला आपल्या नैसर्गिक वजनाजवळ लढता येतं. गट कमी केले की एक तर सुकायचं, नाहीतर मोठ्या माणसासमोर उभं राहायचं.

आणि ऑलिंपिकमध्ये नेमकं तेच चाललंय. १९६८ मध्ये मेक्सिकोला ४८ किलोचा गट आला होता, पुढे तो ४९ चा झाला. २०१२ मध्ये महिलांचं बॉक्सिंग आलं ही आनंदाची गोष्ट, पण पुरुषांचे दहा आणि महिलांचे तीन मिळून तेरा, हा आकडा पुढे तेवढाच राहिला. महिलांचे गट वाढवायचे तर पुरुषांचे कमी करणं आलं. ते योग्यच होतं. प्रश्न आहे, कमी कुठले केले? रिओला पुरुषांचे ६४ किलोपर्यंत पाच गट होते आणि त्यावर पाच. टोकियोला वरचे पाचही तसेच राहिले, खालच्या पाचांचे तीन झाले. ४९ किलोचा गट गेला.

याचा अर्थ माणसांच्या आयुष्यात काय होतो? अमित पंघालनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ४९ किलोमध्ये सुवर्ण जिंकलं, रिओचा ऑलिंपिक विजेता हसनबॉय दुस्मातोव्ह याला हरवून. मग गट गेला आणि तो ५२ मध्ये आला. टोकियोत पहिल्याच लढतीत तो कोलंबियाच्या युबेर्जेन मार्तिनेझकडून हरला. आणि हा मार्तिनेझ कोण? रिओचा ४९ किलोतला रौप्यविजेता. आपलं घर गेलेले दोघं तिसऱ्याच्या अंगणात एकमेकांशी लढले! दुस्मातोव्हला टोकियोत जागाच मिळाली नाही. २०२४ मध्ये पॅरिसला ५१ किलोत तो पुन्हा सुवर्ण जिंकला, पण मधली आठ वर्षं कुणी परत देत नाही. मेरी कोमची जागतिक सुवर्णपदकं ४५, ४६ आणि ४८ किलोमधली. लंडनला महिलांचा सर्वांत खालचा गट ५१. ती वर चढून लढली आणि कांस्य घेऊन आली. ते पदक आपण साजरं केलं, तिनं समोरच्याला बहाल केलेले किलो मात्र आपण मोजले नाहीत. २०२३ मध्ये दिल्लीत नीतू घणघस ४८ किलोची जगज्जेती झाली. पॅरिसमध्ये त्या वजनाचा गटच नव्हता.

म्हणून हा प्रश्न करमणुकीचा नाही. हरियाणातल्या किंवा मणिपूरमधल्या गावात एखादी पंचेचाळीस किलोची मुलगी आज हातमोजे चढवत असेल. तिला दम आहे, डोकं आहे, वेग आहे. स्पर्धेत तिच्या वजनाची जागा आहे की नाही, हे मात्र तिच्या गुणांवर ठरणार नाही. ते ठरेल कुठल्यातरी बैठकीत, आणि बैठकीतली माणसं आपल्यासारखीच असतात. बॉक्सर म्हटलं की त्यांच्याही डोळ्यांसमोर आधी अली येतो, टायसन येतो.

वजनी गट म्हणजे लहानांना दिलेली सवलत नव्हे. गुण दिसावा म्हणून वजन बाजूला ठेवण्याची ती रीत आहे. शर्यतीत सगळ्यांना एका रेषेवर उभं करतो, त्याला आपण सवलत म्हणत नाही. रेषा आखून झाल्यावर कुठली शर्यत बघायची, कुणाचं नाव लक्षात ठेवायचं, हे मात्र नियमाला ठरवता येत नाही. ते बघणाऱ्यांनी ठरवायचं असतं. टोकियोत त्या रात्री ४३,००० लोकांनी ते ठरवलं. एखादी छोट्या गटाची लढत लागली, तर आपणही हेवीवेट यायची वाट न बघता ती पहिल्या फेरीपासून बघावी. आणि पोराबाळांना ती म्हण सांगताना मधला 'पण' गाळून बघा. मूर्ती लहान, कीर्ती महान. म्हण काही अडखळत नाही.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ.